बिननावाच्या राज्याची उभारणी व बाईसाहेबांची गडस्वारी

श्री वीजदेवता प्रसन्न असो आणि मजकूर जतन होईतो न जावो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, श्रावणमासी, दुसऱ्या मजल्यावरील संस्थानी एक नूतन राज्य निर्माण करावयाचे घाटले, त्याची हकीकत जैशी घडली तैशी लिहितो. संस्थानचे धनी श्रीमंत नीळकंठपंत, ग्रंथालयातून सेवानिवृत्त जाहलेले, सत्तरी ओलांडलेले, स्वभावे ऐसे भिडस्त की दारी टपालवाला आला तरी आपण आत सरावे आणि बाईसाहेबांस पुढे करावे. बाईसाहेब म्हणजे त्यांचे कुटुंब उमाबाई. त्यांनी तारुण्यी बहुत गड पायी सर केले, आणि पंत प्रत्येक मोहिमेस सोबत जात, परंतु पायथ्याशी बरेसे झाड पाहून पुस्तक उघडीत आणि बाईसाहेब उतरून येईतो तेथेच ठाण मांडीत. यापरी बहुत वर्षे लोटली आणि बाईसाहेबांचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. डॉक्टरांनी ते बदलावयाचे ठरवून कोजागिरीनंतरची तारीख दिली. तेव्हा बाईसाहेब भाजी निवडता निवडता बोलिल्या, "त्याआधी एकदा गडावर जायला हवं होतं. पुढचं कोणी पाहिलंय." हे वाक्य पंतांच्या काळजात रुतले. धीर द्यावयास हात धरावा तर हातात वर्तमानपत्र होते. मग त्यांनी मनी निश्चय केला की संगणकात एक राज्य उभारावे, त्यात एक गड असावा, आणि ज्या खेळात खेळणारा कोणाची तरी भूमिका घेऊन मुलूखभर हिंडतो तैसा खेळ रचून, शस्त्रक्रियेच्या आधी बाईसाहेबांस तो गड चढवावा.

मग मसलत बसली. प्रधानपदी अच्युतराव, पंतांचे शाळूसोबती, निवृत्त जाहल्यापासून संगणकावर राक्षस मारण्यात गढलेले, यांस नेमिले. त्यांनी विचारिले, "कामाच्या पायऱ्या काय ठरवल्यास?" पंत बोलिले, "आधी राजवंश. कोण कोणाचा मुलगा ते ठरल्याशिवाय राज्य उभं कसं राहणार?" अच्युतराव म्हणाले, "नीळू, आधी एक माणूस पडद्यावर चालवून दाखव. डावीकडे, उजवीकडे. बाकीचं मग." पंत म्हणाले, "चालवतो की. पण तो कोणत्या घराण्यातला?" तेव्हा प्रधानांनी कपाळास हात लाविला आणि चहा मागविला. मग पंतांनी वंशावळ मांडिली, आणि नववा राजा आपल्या पित्याहून वडील निघाला, तो सुधारण्यात श्रावण सरला. मग राज्याचे पंचांग केले, मग देवळातल्या मानपानाचा तंटा रचिला आणि स्वतःच मिटविला, मग राज्यास नाव द्यावयास बसले, तो जे सुचेल ते एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे वाटे, म्हणोन राज्य बिननावाचेच राहिले. मग प्रजा निर्माण केली आणि तिचे संवाद लिहिले. ती प्रजा धन्यावर गेली. कोणी बोलावयास जवळ गेले की मान खाली घालून "चालू द्या तुमचं" म्हणे आणि भिंतीकडे तोंड करी. पंतांस रोज सकाळी वाटे की आपणांस हे जमणार नाही, आणि संध्याकाळी त्याची खात्री पटे. तथापि मधल्या वेळात काम चालू होते.

गौरीगणपती पोहोचते जाहले आणि पंतांनी बाईसाहेबांस संगणकापुढे बसविले. वेशीवर द्वारपाल उभा, त्याने प्रश्न केला की आपण कोण, राणी, योद्धा की मांत्रिक. बाईसाहेब म्हणाल्या, "यात गुडघे न दुखणारी बाई नाही का?" पंत म्हणाले, "तशी नाही. राणी घे." "राणीला काय काम आहे?" "आधी तिच्या घराण्याची माहिती वाचायची. मग द्वारपाल त्यावर प्रश्न विचारतो." बाईसाहेबांनी वाचिले, द्वारपालाने नवव्या राजाच्या आजोळाविषयी पुसिले, उत्तर चुकले, आणि त्याने राणीस वेशीबाहेर काढिले. दुसऱ्यांदाही काढिले. "अहो, गड कुठे आहे?" "तो शेवटच्या भागात." "तो भाग केव्हा होणार?" पंत चष्मा पुसू लागले. बाईसाहेब रागावल्या नाहीत, "राहू दे हो, छान झालंय," इतकेच बोलोन भिंतीचा आधार घेत उठिल्या, आणि ते पंतांस रागावण्याहून जड गेले. त्या दिवशी पंतांनी सगळा राजवंश एका बटणासरशी बुडविला. द्वारपालास निरोप दिला. मग एक टेकडी ठेविली, पायथ्याशी एक झाड ठेविले, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली, पदर खोचलेली एक बाई ठेविली, आणि तीस चालावयास शिकवू लागले. ती प्रथम उलटी चालली, मग टेकडीतून आरपार गेली. अच्युतराव म्हणाले, "भुताचा खेळ झकास जमलाय, हाच विकायला काढ." पंतांनी ऐकोन न ऐकिल्यासारखे केले.

नवरात्रात बाई नीट चालली. बाईसाहेबांनी बाणाचे बटण दाबिले आणि वळणे घेत घेत गड चढिल्या, वर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "वारा नाही." पंत म्हणाले, "वाऱ्याचा आवाज घालायचा राहिला." "आणि बसायला दगड?" "तोही राहिला." मग त्यांनी खाली पाहिले. "झाडाखाली कोण बसलंय? हातात पुस्तक आहे." पंतांचे कान तांबडे जाहले. "त्याला तसं काही काम नाही. शोभेला आहे." "तो वर येत नाही?" "त्याला चालता येत नाही. तशी सूचना लिहिलेली नाही." "मग लिहा की," बाईसाहेब बोलिल्या, आणि देवापुढला दिवा पाहावयास गेल्या. अच्युतरावांनी पुष्कळ सांगितले की दिवस थोडे उरले, वारा घाल, दगड ठेव, एकामागे दुसरा माणूस चालवणे तुझ्याच्याने व्हायचे नाही. पंतांसही तैसेच वाटत होते. तरी ते बसले आणि लिहू लागले.

कोजागिरी जाहली. इस्पितळात जावयाच्या सकाळी पिशवी भरोन दाराशी ठेविली होती, गाडी यावयाची होती, आणि बाईसाहेब संगणकापुढे बसल्या. झाडाखालच्या माणसाने पुस्तक मिटिले आणि उठला, आणि बाईच्या मागोमाग चालू लागला. निम्म्या वाटेवर दुसरे एक झाड होते. त्यास वळसा घालावा हे पंतांनी त्या माणसास शिकविलेच नव्हते. बाई पुढे निघोन गेली आणि तो झाडास नाक लावोन जागच्या जागी पाय हलवीत राहिला. पंत म्हणाले, "चुकलं माझं. तू जा वर. वारा घातलाय आता, तू जा." बाईसाहेबांनी बाण उलटा दाबिला आणि उतरोन त्याच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "भीती वाटतेय हो," त्या पडद्याकडे पाहत बोलिल्या. "मलाही," पंत म्हणाले. हे संवाद कोठे लिहिलेले नव्हते. खाली गाडीने शिंग फुंकिले. पंतांच्या हाती आज वर्तमानपत्र नव्हते.

तात्पर्य हे की राज्यास नाव मिळाले नाही, वंश बुडाला, राक्षस एकही मेला नाही, आणि गुडघे दोन्ही नवे आले. मार्गशीर्षी बाईसाहेब काठी टेकीत जिना उतरल्या, पंत दोन पायऱ्या मागे होते. लिहिणाराची समज बेताची, अधिकउणे वाचणाराने पदरी घ्यावे. गडावर दगड बसविला आहे. वाटेवरचे झाड मात्र तैसेच आहे. अच्युतराव म्हणतात, काढ ते, एका बटणाचे काम. पंत बरे म्हणतात आणि काढीत नाहीत, कारण बाईसाहेब खेळावयास बसल्या म्हणजे त्या झाडापुढे चढोन जातात, आणि मागे वळोन पाहतात, आणि अडकलेल्या माणसापाशी खाली येतात.