दोरीवर नसलेले साहेब

परीक्षक साहेब ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच बालवर्गाच्या दारात उभे राहिले, तेव्हा बाई एका मुलाचं नाक पुसत होत्या.

"अचानक आलं की खरं काय ते दिसतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी एक पाय आत टाकला.

"थांबा!" मुंगी ओरडली. "तुम्ही दोरीवर नाही!"

मुंगी म्हणजे वर्गातली पाच वर्षांची मुलगी. न सांगता काही बदललं की तिचा जीव कासावीस होई; मग कानांवर हात ठेवून ती तासभर टेबलाखाली बसे. म्हणून बाईंनी भिंतीवर दोरी बांधली होती. दिवसभरात काय होणार, कोण येणार, त्याची चित्रं सकाळीच चिमट्यांनी दोरीवर लागत. हळूहळू अख्ख्या वर्गाला ती सवय जडली. दोरीवर नाही तो वर्गात नाही. मागे नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरही चित्र होईपर्यंत बाहेर ताटकळला होता.

पण प्लंबर वेगळा आणि साहेब वेगळे. सगळ्या प्रकारच्या मुलांना सामावून घेणाऱ्या शिक्षिकेचा पुरस्कार देणं त्यांच्या हातात होतं. तो मिळाला तर वर्गाच्या मदतनीस ताई राहणार होत्या. नाहीतर पुढच्या महिन्यात त्यांची बदली. आणि ताईंशिवाय मुंगीला वर्गात ठेवणं बाईंना एकटीला जमणारं नव्हतं.

मुख्याध्यापिका धापा टाकत आल्या. "अहो बाई, साहेबांना दारात काय उभं करताय? आत घ्या त्यांना!"

बाईंनी मुंगीकडे पाहिलं. तिचे हात कानांकडे निघाले होते. आजवर त्यांनी कुठल्याच साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

"साहेब," त्या पुटपुटल्या, "पाच मिनिटं बाहेर बसता का? तुमचं चित्र व्हायचंय."

मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला.

ताईंनी बाहेर खुर्ची टाकली. वर्गातल्या खुर्च्या त्या केवढ्याशा! साहेब गुडघे हनुवटीला लावून बसले. मुंगी कागद आणि रंगीत खडू घेऊन समोर आली.

"हलू नका."

"पोट जरा कमी काढ गं."

"मग ते तुम्ही नसाल."

चित्र दोरीवर लागलं आणि साहेब उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. दोन मुलांनी खुर्ची ओढली, ताईंनी साहेबांना ओढलं, तेव्हा कुठे दोघं वेगळी झाली.

आत आल्यावर साहेबांनी फॉर्म उघडला. "अर्जात एका मुलीला जास्त मदत लागते असं लिहिलंय. कोणती ती?" त्यांनी सगळा वर्ग न्याहाळला. एक मुलगा टेबलाचा पाय चाटत होता. "का अर्जात चूक झालीय? हा का?"

"तो माझा नातू आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

साहेब खोकले. मग दोरीवरचं पुढचं चित्र त्यांना समजावून सांगणाऱ्या मुंगीला त्यांनी विचारलं, "बाळ, तूच सांग. इथे जास्त मदत कुणाला लागते?"

मुंगीने नीट विचार केला. "तुम्हाला. खुर्चीतून उठायला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे बघत हळूच म्हणाल्या, "तीच ती, साहेब. तुम्हाला आत येऊ देत नव्हती ना, तीच."

साहेब दोरीजवळ जाऊन एकेक चित्र बघून आले. मग भराभर लिहू लागले. मुख्याध्यापिकांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. 'पुन्हा भेट आवश्यक' यापुढे 'हो' लिहिलं होतं. म्हणजे अर्ज लटकला.

"झालं!" त्या बाईंच्या कानात म्हणाल्या. "बसवा अजून साहेबांना बाहेर!"

निघताना साहेबांनी दोरीवरचं आपलं चित्र काढायला हात घातला. "हे नेऊ का गं मी?"

"नाही," मुंगी म्हणाली. "मग परत आत कसे याल?"

"तेही खरंच," म्हणत साहेबांनी चिमटा पुन्हा नीट लावला. मग फॉर्ममध्ये 'कारण' या रकान्यात एक ओळ लिहिली आणि कागद बाईंच्या हातात दिला.

'पुरस्कार द्यायला. येण्याची सोय झालेली आहे.'