पाया पडणारी डाक्टरीण

आमच्या बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहणारी शैलजा दिसेल त्याच्या पाया पडते. लहानमोठा बघत नाही. दूधवाला मल्लाप्पा तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण पहिल्याच सकाळी तिनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. मल्लाप्पा इतका गांगरला, की अर्धा लिटर दूध जास्तच ओतून गेला.

ती आळंदकडची. गुलबर्ग्याला पीएचडी करते आणि त्यासाठी कमलनगरच्या आसपासची खेडी फिरून लोकांच्या नसा तपासते. मी एकदा विचारलं, "नेमकं काय शिकायलीस गं?"

"काकू, तुमच्या शेतातली ठिबकची नळी नवी असताना कशी मऊ असती? ऊन खाऊन कडक झाली की मोटारीवर ताण येतो का न्हाई?"

"येतो की."

"आपलं हृदय म्हंजे मोटार. ती कामून थकती, ते मी नळीत हुडकायलेय."

"नळी बघा, मोटार मग बघू," हे तिचं पालुपद. आमच्या बोअरची मोटार बंद पडली तेव्हा यजमानांनी चेष्टेनं तिलाच हाक मारली. ती खरंच शेतात गेली, आणि नळी कापली तर आत बोटभर पांढरा खार! तेव्हापासून यजमान तिला डाक्टरीणबाई म्हणतात आणि वरणात मीठ कमी पडलं तरी गप्प जेवतात. मिठाशी तिचं हाडवैर. पंगतीत बसली तर शेजारच्याच्या पानावरचं मीठ हळूच बोटानं पुसून घेते.

पण पाया पडण्यानं तिनं गल्ली जिंकली होती. सासवा म्हणायच्या, "संस्कार बघा पोरीचे! न्हाई तर आमच्या सुना." सुनांना ती मुळीच आवडायची नाही.

माझ्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. ती वाकली की लवकर उठायचीच नाही. ओठ हलायचे, एक ते पाच. समोरच्या म्हातारीचे आशीर्वाद संपून जायचे. "सुखी ऱ्हा. शंभर वर्षं जग. लेकुरवाळी हो. आता ऊठ की माय!"

शेवटी मी तिला धरलंच. तेव्हा कबूल झाली. पाया पडताना ती घोट्याच्या वर, हाडावर अंगठा दाबून धरते. अंगठा उचलल्यावर तिथं खड्डा राहिला तर पायात पाणी साठलेलं असतं. "कधी नुस्त्या उभ्या कामानंबी साठतं. पण कधी मोटार थकलेली असती, काकू."

"मग सरळ सांगून बघावं की."

"पाय दाखवा म्हटलं की बायका साडी आवळून बसत्यात. पाया पडते म्हटलं की कुणी न्हाई म्हणत न्हाई."

"हे बी तुझ्या पीएचडीत लिहायलीस?"

"न्हाई. तिथं सही घेऊनच तपासावं लागतंय. हे माझं आपलं हाय."

त्या दिवसापासून मी माझे पाय लपवायला लागले. दोन महिन्यांपासून संध्याकाळ झाली की जोडवी बोटांत रुतायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना निम्म्या जिन्यात दम लागायचा. कुणी बघितलं की मी पायरी पुसायला बसायची. आमचा जिना इतका स्वच्छ कधीच नव्हता. घरात कुणाला बोलले नाही. शैलजा वाकली की मी मागं सरायची. "मी चौथी शिकलेली, तू एवढी शिकलेली. पाप लागंल मला."

गेल्या आठवड्यात उदगीरहून तिला बघायला पाहुणे आले. तिच्या आईनं आमच्याच बैठकीत कार्यक्रम ठेवला होता. पोहे झाले. शैलजा मुलाच्या वडिलांच्या पाया पडली, ती पडलीच. मी मनात मोजत होते. पाच झाले. तिनं मान वर केली आणि विचारलं, "मामा, झोपताना उशा किती घेता?"

मुलाची आई म्हणाली, "हे काय इचारणं झालं?"

मामा बिचारे सरळ होते. "तीन. एका उशीवर जीव घाबरा होतोय."

मग कसलं बघणं आणि कसलं काय! तिनं मामांना दम लागतो का ते विचारलं, मिठाचं विचारलं, उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं वचन घेतलं. पाहुणे सुपारी न घेताच उठले. तिची आई रडत रडत आळंदची गाडी धरायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला रागवायला खोलीत गेले. "एवढा चांगला पोरगा घालवलीस!"

"पोरगा? त्याच्याकडं बघायचंच ऱ्हायलं की." हसत हसत ती ट्रंक आवरत होती. तळाला पुरुषाच्या जुन्या चपला होत्या. दोन्हींचे पट्टे बाजूनं सुरीनं कापलेले.

"ह्या कुणाच्या गं?"

"अप्पाच्या, माझ्या वडलांच्या. पाय मावंनात म्हणून त्यांनीच पट्टा कापला हुता." तिनं चपलेवरची धूळ पदरानं पुसली. "दरवर्षी निकालाच्या दिवशी मी अप्पाच्या पाया पडायची, काकू. बोटं रुतायची, खड्डे ऱ्हायाचे. मला वाटायचं, आमच्या अप्पाचे पाय लई मऊ हायत. बारावीच्या निकालाला पाया पडले, आन् दिवाळीला अप्पा न्हवते."

मी कॉटवर बसले, साडी घोट्याच्या वर घेतली आणि पाय पुढं केले.

"पड पाया," म्हटलं.

तिनं चपला बाजूला ठेवल्या. मग खाली बसली. हाडावर अंगठा ठेवला. ओठ हलायला लागले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून मनातले सगळे आशीर्वाद देऊन टाकले.

पाच कधीच होऊन गेले होते. तिला अंगठा उचलवत नव्हता.