केळीले काय फायदा?

आमच्या भास्करनानांकडे कुणी नवा सर्व्हर मागायला गेलं, की ते आधी त्याच्या पायांकडे बघतात. "बूट काढ भाऊ, चप्पल घाल." मागणाऱ्याला वाटतं, काम झालं, आता निवांत गप्पा. थोड्याच वेळात तो नानांच्या मोटारसायकलवर मागे बसलेला असतो आणि गाडी पहूरच्या रस्त्याला लागलेली असते.

नाना आमच्या जळगावच्या केळी कंपनीत संगणक विभागाचे प्रमुख. शेतकऱ्यांची केळी भरून बाहेरगावी पाठवायची हा कंपनीचा धंदा, आणि कुठल्या शेतात कधी गाडी पाठवायची ते सांगणारं ॲप सांभाळणं हे आमचं काम. नाना मूळचे साक्रीकडचे. शेठजींसमोर ते पुस्तकी मराठी बोलतात. रंगात आले की अहिराणीवर उतरतात.

मी पुण्याहून नोकरी बदलून आलो, तेव्हा डोकं कल्पनांनी भरलेलं होतं. पंधरा दिवसांत मी एक नकाशा तयार केला. त्यावर आमच्या गाड्या मुंग्यांसारख्या पळायच्या. मी नानांना दाखवला. रंग, बाण, सगळं समजावून सांगितलं. नाना डोळे बारीक करून बघत राहिले.

"बठ्ठं झकास शे," ते म्हणाले. "पन केळीले काय फायदा?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुणी म्हणालं, प्रोग्राम दुप्पट वेगानं चालेल, तरी हाच. कुणी म्हणालं, सगळा डेटा नव्या जागी हलवू, तरी हाच. एकानं वैतागून विचारलं होतं, "नाना, केळीला संगणकातलं काय कळतं?" नाना शांतपणे म्हणाले, "तिले नाही कळत. म्हनून तर तुले कळायला हवं."

मी चप्पल घातली.

पहूरजवळ सुशीलाअक्कांची केळीची बाग होती. कापणी चालली होती. अक्का स्वतः घड मोजून घेत होत्या. नानांनी माझी ओळख करून दिली, "हे आपलं ॲप बनवतात."

"तुम्हीच का ते?" अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "या दादा, बनवलं तसं चालवूनबी दाखवा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. त्याला केळीचा चीक लागलेला होता. उन्हात पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता. गाडी मागवायला पाच वेगवेगळे पडदे भरायचे होते, आणि चौथ्या पडद्यावर रेंज गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा गेली. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"काय करणार? रस्त्यापर्यंत चालत जाते अन् नानांना फोन लावते."

कापलेले घड तोवर उन्हात पडलेले होते. त्यांच्यावर केळीची पानं झाकली होती, पण पानं ती किती झाकणार? परतताना मी नकाशाचं नाव काढलं नाही.

पुढचे तीन महिने आम्ही एकच काम केलं. ॲपमध्ये एक मोठं हिरवं बटण ठेवलं : 'माल तयार'. ते दाबून मोबाइल खिशात टाकायचा. क्षणभर जरी रेंज आली, तरी निरोप आपोआप आमच्याकडे पोचायचा आणि गाडी निघायची. आतून ते फार अवघड काम होतं. बाहेरून मात्र फक्त बटण दिसत होतं.

शेठजींना तेच खटकलं. "नाना, तीन महिन्यांत एक बटण? पुण्याची कंपनी आठवड्यात नवंकोरं ॲप देते म्हणतेय. हा विभाग चालवायचा तरी कशाला?"

आमचे चेहरे पडले. मला वाटलं, नाना आता ते अवघड काम समजावून सांगतील. ते उठून बाहेर गेले आणि दोन फण्या घेऊन आले. त्या शेठजींसमोर ठेवल्या. एक एकसारखी पिवळी, दुसरी काळ्या डागांची, गिळगिळीत झालेली.

"एकाच गावातली, एकाच दिवशी कापून पिकवलेली," नाना म्हणाले. "हिची गाडी बटण दाबल्यावर लगेच आली. हिच्या मालकानं जुन्याच ॲपवर गाडी मागितली. ही दुपारभर उन्हात बसली. आता गिऱ्हाइकाला कुठली द्यायची ते तुम्ही ठरवा."

शेठजींनी पिवळं केळ सोललं. सावकाश खाल्लं. "पुण्याला नाही म्हणून कळवा," ते म्हणाले.

दोन महिन्यांत सगळ्या गावांत ते बटण पोचलं. एका बैठकीत मी अभिमानानं सांगितलं, की गाडीसाठी नानांना येणारे शेतकऱ्यांचे फोन आता जवळजवळ बंद झाले आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी नाना माझ्या टेबलाशी आले. हातातला मोबाइल उलटसुलट करून बघत होते.

"भाऊ, मना फोन बिघडना शे का? वाजतच नाही. जरा लावून बघ बरं."

मी लावला. त्यांच्या हातात तो वाजला. मला वाटलं, ते आता कट करतील. पण नाना लगबगीनं व्हरांड्यात गेले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

"बोला भाऊ."

काचेपलीकडे त्यांची पाठ दिसत होती. नानांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. नाना स्वतः त्याबद्दल कधीच बोलले नव्हते. "काय चाललंय नाना?" मी विचारलं.

"काही नाही रे," ते म्हणाले. "सकाळी वांग्याची भाजी केली. एकट्यापुरती करायला गेलो, तरी दोघांची झाली. मीठपण दोघांचंच पडलं."

मी टेबलावरचा लॅपटॉप मिटला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"मग नाना," मी म्हणालो, "वांगी कुठून आणली?"

नाना कठड्यावर बसले आणि सांगू लागले.