पुढे जायचं तर बोलावं लागेल

“ही मिठाची बाटली म्हणजे थोरले जावई आणि ही मिरपुडीची म्हणजे धाकटे,” सासरेबुवांनी जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाटल्या एकमेकींच्या वाटेत आडव्या येतील अशा उभ्या केल्या. “वारा खिडकीकडून येतोय. सांगा, आधी कोण जाणार?”

थोरले जावई दातांचे डॉक्टर. ते बायकोकडे वळून म्हणाले, “बाबांना सांग, मीठ.”

धाकट्यांचं चष्म्याचं दुकान. तेही आपल्या बायकोला म्हणाले, “बाबांना सांग, मीठ डावीकडून आलंय. थांबायचं त्यानेच.”

दोघे साडू वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. कारण पतंगगाडी. तीन चाकांची, जमिनीला टेकेल इतकी बसकी गाडी. तिला ना इंजिन, ना ब्रेक. भलामोठा पतंग ओढत नेईल तिकडे जायचं. गेल्या वर्षीच्या शर्यतीत धाकट्यांचा दोर डॉक्टरांच्या हेल्मेटात अडकला आणि डॉक्टर गाडीसकट आइस्क्रीमवाल्याच्या छत्रीखाली शिरले. चूक कोणाची हे ठरलंच नाही, कारण नियमच नव्हते.

सासरेबुवांचा उभा जन्म वाहतूक पोलिसात, चौकात शिट्टी फुंकण्यात गेला होता. यंदा शर्यत भरवणाऱ्या क्लबने नियम करायचं काम त्यांच्याकडेच दिलं. नियम खरोखर चांगले होते. हेल्मेट हवंच. पतंग झटक्यात सोडून देता येईल अशी कळ हाताशी हवी. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. पुढे जायचं असेल तर मोठ्याने सांगायचं आणि पुढच्याने ‘या’ म्हटल्याशिवाय जायचं नाही. दोर गुंतले तर दोघांनी थांबायचं, पतंग खाली घ्यायचे आणि कोणाचा दोर आधी सोडवायचा ते आपसात बोलून ठरवायचं.

या ‘बोलून’मध्ये काय वाढून ठेवलंय, हे त्या रात्री कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी ओहोटीच्या घट्ट वाळूवर वीसेक गाड्या सुटल्या. डॉक्टर सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या मागे चष्मेवाले, आणि ते वेगाने जवळ येत होते. पण पुढे जायचं तर बोलावं लागणार! त्यांनी खाकरून पाहिलं. डॉक्टर ढिम्म. त्यांनी शीळ घातली. लगेच किनाऱ्यावरून सासरेबुवांची शिट्टी वाजली.

“शीळ चालणार नाही! तोंडाने बोला!”

चष्मेवाल्यांनी तोंड घट्ट मिटलं आणि पतंग आखडता घेतला. मागून एक न्हावी आला. “डॉक्टर, डावीकडून येतोय हो!”

“या, या! सावकाश या,” डॉक्टर अगदी घरी पाहुणा आल्यासारखे म्हणाले.

मग एक प्लंबर गेला. एक बँकवाली गेली. एक आजोबा गेले, ते जाताना दाढेची तक्रार सांगून गेले. सगळी शर्यत पुढे निघून गेली, आणि मागे उरले दोघे साडू, एकामागे एक, मुक्याने.

तेवढ्यात वारा फिरला आणि दोन्ही पतंगांनी एकमेकांना मिठी मारली.

नियमाप्रमाणे दोघांनी गाड्या थांबवल्या, पतंग उतरवले आणि पाठीला पाठ लावून बसले. दोघांच्या बायका, ताई आणि धाकटी, धावत आल्या.

“ह्यांना सांग, आधी तुमचा दोर काढा म्हणावं,” डॉक्टर बायकोला म्हणाले.

“निरोप चालणार नाही!” सासरेबुवा ओरडले. “आपसात म्हणजे आपसात!”

भरती सुरू झाली. पाणी चाकांना लागलं, मग बुटांत शिरलं. डॉक्टरांच्या मांडीवरून एक खेकडा चालत गेला, तेव्हा त्यांचा धीर सुटला.

“अहो, काढा ना तुमचा दोर! बुडवताय काय?”

“तुमचाच वर आहे! गेल्या वर्षीही तुमचाच वर होता!”

“गेल्या वर्षी मला आइस्क्रीमच्या पेटीत कोणी बसवलं?”

“मी ओरडत होतो, ‘कळ दाबा, कळ दाबा’! तुम्ही हेल्मेट दाबत बसलात!”

डॉक्टर मागे वळले. “कळ म्हणालात? मला ‘पळ काढा’ ऐकू आलं. वाटलं, वर धमकीही देताय.”

दोघे समोरासमोर आले. मग चष्मेवाल्यांना हसू फुटलं, आणि डॉक्टर तर इतके हसले की त्यांच्या स्वतःच्या दाढा सगळ्या किनाऱ्याला दिसल्या. दोर सुटले. “उजवीकडून येतोय!” “या, या!” “आता तुम्ही या!” असा एकमेकांना आग्रह करत दोघे शेवटची रेषा ओलांडून गेले. शेवटून पहिले आले, पण दोघे जोडीने.

“बरोबरीत,” ताई म्हणाली.

“बरोबरीत कशी? आमचं चाक चांगलं वीतभर पुढे होतं,” धाकटी म्हणाली.

“तुमचं? तुला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट वीतभर जास्तच लागते!”

“आणि तुला निकाल द्यायला कोणी बोलावलं होतं?”

सासरेबुवांनी शिट्टी तोंडाकडे नेली. दोघी मुलींनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शिट्टी खिशात ठेवली.

धाकटी तरातरा चालत बसथांब्याकडे गेली. ताई विरुद्ध दिशेने रिक्षा शोधायला गेली. दोघे साडू मात्र डॉक्टरांच्या मोटारीत मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले. वर्षभराचं साठलेलं बोलणं. एकाचं संपतंय तोवर दुसऱ्याचं सुरू होई. पेशंट झाले, गिऱ्हाइकं झाली, सासऱ्यांचा विषयही यथासांग झाला.

बऱ्याच वेळाने चष्मेवाल्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “अहो, हा समुद्र अजून इथेच कसा?”

तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं, की पुढे चालवायला कोणीच बसलेलं नाही.