लंगडण्याचा पहिला नंबर

एका जंगलात झिपरअण्णा नावाचं अस्वल राहत होतं, असं समजा, बाळांनो. पटलं नाही तरी समजा, मला गोष्ट पुढे न्यायची आहे.

ऐन मोहाच्या दिवसांत अण्णांच्या पायात बाभळीचा काटा रुतला. मोहाचं झाड टेकडीपलीकडे. फुलं आणखी चारच दिवस पडणार. अण्णांचे पंजे जाडजूड, काटा काही केल्या निघेना. अगदी रडकुंडीला आले बिचारे.

त्याच दिवशी परदेशी शिकून आलेल्या घुबडशास्त्र्यांचं व्याख्यान होतं. ते म्हणाले, "आपल्या डोक्यात आरसे असतात. दुसऱ्याला कळ आली की ते चमकतात आणि आपल्यालाही कळ येते. हे बघा." आणि त्यांनी जांभई दिली. सगळ्या सभेनं जांभई दिली.

साळिंदर तेवढं म्हणालं, "झोप आली असेल तर झोपा की. दिवसाउजेडी कशाला जागताय?"

"याच्या डोक्यात आरसा नाही," शास्त्र्यांनी निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णांना बघून सगळं जंगल लंगडू लागलं. ससा लंगडला, गवा लंगडला. मोर तर दोन्ही पायांनी लंगडला.

"अरे, कुणीतरी काटा काढा," अण्णा कळवळून म्हणाले.

"येऊ कशी? माझाच पाय उचलत नाही," कोल्हीण म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी लंगडण्याची स्पर्धा झाली. मोराचा पहिला नंबर आला. अण्णांना उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. "भावना कमी पडली," शास्त्री म्हणाले.

चौथ्या दिवशी अण्णा कसेबसे निघाले आणि पायवाटेवरच मटकन बसले. मागून साळिंदर आलं.

"अण्णा, वाट अडवलीत. काय झालंय?"

"काटा."

"मग पाय इकडे करा."

साळिंदरानं दातांनी काटा उपटला, बाजूला थुंकला आणि ते आपल्या वाटेनं गेलं. साधं 'अरेरे'सुद्धा म्हणालं नाही.

अण्णा धावत सुटले. शेवटची फुलं पोटभर खाल्ली आणि संध्याकाळी मजेत, ताठ पावलं टाकत परत आले.

जंगल भडकलं. मोर म्हणाला, "आम्ही तुमच्यासाठी एवढे लंगडलो आणि तुम्ही खुशाल सरळ चालताय? आमच्या मनाचा काही विचार?"

अण्णा स्वभावानं मवाळ. त्यांना खरोखरच वाईट वाटलं. तेव्हापासून ते चारचौघांत लंगडतात.

तात्पर्य : पायात काटा रुतला तर तो घाईनं काढून घेऊ नये. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मनसोक्त लंगडून होऊ द्यावं.