टाऊन लाईनकर कांगास यांच्या मलमपट्टीच्या मोहिमेची हकीकत

सकळ सज्जन, रोगी तथा निरोगी, यांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, लेक सुपीरियर नामे महासरोवराचे दक्षिण तीरी, जेथे बर्फ ऑक्टोबरात उतरते आणि घरजावयासारखे मे महिन्यापावेतो हलत नाही, त्या मुलुखी टाऊन लाईन रस्त्यावर श्रीमंत रेइनोराव कांगास म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. नव्हे, अद्याप आहेत. गेले ते गुडघे. त्यांनी उतारवयात कम्युनिटी कॉलेजच्या किल्ल्यावर चालून जाऊन परवानाधारक नर्स होण्याची मोहीम काढिली, ती कोणत्या बुद्धीने काढिली, मार कोठे खाल्ला आणि अखेरीस फत्ते कैसी जाहली, हा मजकूर यथास्थित लिहून ठेवावा ऐसी आज्ञा जाहली. आज्ञा कोणी केली ते पुसू नये. श्रीमंतांच्या पोटातले विचारही या लेखकास ठाऊक असतात, ते कसे, हेही पुसू नये.

कांगासांचे घराणे मूळचे फिनलंडचे. पणजे तांब्याच्या खाणीत राबावयास आले आणि मग खाण बंद पडली आणि मग गाई घेतल्या आणि तेव्हापासून तीन पिढ्या दुधावर गुजारा केला. या घराण्यात बोलणे म्हणजे उधळपट्टी मानीत. श्रीमंत गाईंशी अष्टौप्रहर गुजगोष्टी करीत, परंतु माणसांशी बोलणे हवामानापुरते. खाशा लॉरेलबाईसाहेब, ज्या शाळेच्या पिवळ्या बसगाडीच्या सरदार, त्यांस लग्नाचे विचारिले तेही गोठ्याच्या दारात, दूध काढीत असता, पाठमोरे बसून. आणि बाईसाहेब आजही चारचौघांत सांगतात की तो सवाल आपणास होता की गाईस होता याचा उलगडा जाहला नाही.

पुढे काळ फिरला. दोन्ही गुडघ्यांनी फितुरी केली, पहाटेचे उठणे बसणे दुरापास्त जाहले, आणि मग एके दिवशी मोठा ट्रक दारी येऊन समस्त गाई चढवून घेऊन गेला. श्रीमंत रित्या गोठ्यात फावडे घेऊन उभे राहिले, कारण झाडावयास काहीच नव्हते. तेथून जे घरात आले ते हिवाळाभर खिडकीपाशी बसले आणि गोठ्याकडे पाहात राहिले. बाईसाहेबांनी पुष्कळ दम धरिला आणि मग एके सकाळी कॉलेजचे माहितीपत्रक कॉफीच्या पेल्याखाली सारून दिले.

"अरे रेइनो, वासराला न्यूमोनिया झाला तेव्हा गोठ्यात गोधडी टाकून झोपलास तू. माणसांनाही होतो न्यूमोनिया. जा की."

श्रीमंत म्हणाले, "हं."

बाईसाहेबांनी त्या हं चा अर्थ होकार ऐसा लाविला आणि अर्ज रवाना केला. अशा रीतीने मसलत ठरली. श्रीमंतांनी ती ठरविली ऐसे कोणी म्हणेल तर ती शुद्ध खुशामत होय.

मग ऑगस्टअखेर सुमुहूर्त पाहून स्वारी पिकअप गाडीत आरूढ होऊन निघाली, आणि कॉलेजात दाखल होऊन पाहाते तो अवघी फौज वीस-बावीस वर्षांच्या पोरींची. सर्वांस तांबडा डाळिंबी पोशाख सरकारातून नेमून दिलेला. श्रीमंतांच्या मापाचा पोशाख कोठीत नव्हता, सबब मिळाला तो चढविला, आणि विजार घोट्यांच्या बरीच वर राहिली. शेजारच्या बाकावर डेस्टिनी लाजोई नामे मुलगी होती, जी रात्रपाळीस पेट्रोलपंप सांभाळून दिवसा शिकत असे आणि जिच्या जिभेस म्यान नव्हते. तिने पाहिले आणि विचारले, "रेइनो, पूर येणार आहे का? पँट आत्ताच वर घेतलीत ती!" श्रीमंत हसले नाहीत, परंतु तेथून पुढे तिच्याच शेजारी बसू लागले.

किल्ल्याची किल्लेदारीण वांडाबाई ग्रोखोव्स्की. उभा जन्म इस्पितळात काढिलेली, आवाज चाबकासारखा, आणि नजर ऐसी की न धुतलेला हात भिंतीआडून ओळखावा. बाईंनी फर्मान काढिले, त्याचा तपशील: मिस्टर हॅन्सन म्हणून जो प्लास्टिकचा रोगी खाटेवर निजलेला आहे, त्याच्या नडगीच्या जखमेची पट्टी बदलावी. जे जे हाताने करणे ते ते तोंडाने मोठ्याने सांगावे. प्रथम दार वाजवावे, हात धुवावे, मग आपले नाव सांगावे आणि आपण विद्यार्थी नर्स आहो हे सांगावे, मग पुढले. जे बोलले नाही ते केले नाही ऐसे समजले जाईल. बाई स्वतः पडद्याआड बसून मिस्टर हॅन्सनच्या वतीने बोलतील. तीन हल्ल्यांत जो पट्टी सर करणार नाही त्याने आपल्या घरी सुखे नांदावे.

घरी म्हणजे खिडकीपाशी. हे वांडाबाईंस ठाऊक नव्हते. श्रीमंतांस पुरते ठाऊक होते.

पहिला हल्ला सप्टेंबरात जाहला. श्रीमंतांनी हात धुतले ते ऐसे की वासरू ओढून काढण्याआधी धुवावे, कोपरापावेतो. निर्जंतुक हातमोज्यांची पहिली जोडी अंगठ्यापाशी फाटून धारातीर्थी पडली, दुसरी करंगळीपाशी पडली, तिसरीने कसाबसा तग धरिला. मग पट्टी काढिली, जखम पुसली, नवी पट्टी बांधिली, आणि बांधिली ती ऐसी नेटकी की पाहणाऱ्या पोरी थक्क जाहल्या. परंतु आरंभापासून अखेरीपावेतो श्रीमंतांच्या मुखातून अक्षर निघाले नाही. मौन सर्वार्थ साधते ऐसे ज्याने कोणी म्हणून ठेविले, त्याची वांडाबाईंशी गाठ पडलेली नसावी.

"कांगास, हात धुतलेत?"

"धुतले की. बघितलंत ना तुम्ही."

"मी काही बघत नाही. मी ऐकते."

पहिली शिकस्त दप्तरी चढली.

मग श्रीमंतांनी सरावाचा धडाका लाविला. सॉनात, म्हणजे फिनलंडी वाफेच्या न्हाणीघरात, घामाघूम बसून तापल्या धोंड्यांस सांगत की मी आता पडदा ओढतो आहे, मी आता खाट वर करतो आहे. पिकअपला सांगत की मी आता किल्ली फिरवतो आहे. एके सकाळी स्वयंपाकघरात खणखणीत आवाजात पुकारा केला की मी आता कॉफी ओततो आहे, तेव्हा बाईसाहेबांच्या हातून चमचा गळून पडला. "इतकी वर्षं वाट पाहिली मी तुझ्या तोंडातून काही निघेल म्हणून," त्या म्हणाल्या, "आणि निघालं काय, तर कॉफी!" तरी त्या पलंगावर आडव्या पडत आणि पाय पुढे करीत, आणि श्रीमंत त्यांच्या नडगीस पट्टी बांधीत आणि सर्व कलमे यथासांग म्हणत.

एक कलम तेवढे निघेना. नाव सांगितल्यावर 'मी विद्यार्थी नर्स आहे' हे जे म्हणावयाचे, तेथे घोडे अडे ते अडेच. बाईसाहेब म्हणत, म्हण की रे. श्रीमंत तोंड उघडीत आणि मिटीत. याचे कारण या लेखकास ठाऊक आहे ते लिहितो. बाप गाईवाला, आजा गाईवाला, आपण गाईवाले. नर्स म्हणावे तर गाई खरेच गेल्या. जोवर म्हटले नाही तोवर त्या कोठे तरी चरावयास गेल्या आहेत आणि सांजेस परततील ऐशी एक वेडी आशा पोटात होती. जन्मलेल्या प्रत्येक वासराचा बाजार पाहिलेल्या माणसाने ऐसी आशा बाळगावी, यापरता बावळटपणा तो कोणता? परंतु होती खरी.

दुसरा हल्ला ऑक्टोबरात. दार वाजविले, हात धुतले, सर्व पुकारून केले. मिस्टर हॅन्सनच्या वतीने पडद्यातून सवाल आला की कोण? श्रीमंतांनी छाती फुगवून जबाब दिला, "रेइनो कांगास. टाऊन लाईन रस्ता. गाईवाले." येथेच माघार घ्यावी, तर हात दाखवून अवलक्षण म्हणतात तैसे जाहले. पट्टीसाठी रोगी कुशीवर वळवावयाचा होता, तेव्हा हातांनी जन्माच्या सवयीने मिस्टर हॅन्सनच्या ढुंगणावर एक थाप दिली, खांदा लाविला, आणि तोंडाने म्हटले, "सरक गं बाई, सरक."

पडद्यातून आवाज आला, "मी बाई नाही."

फौज पोट धरधरून हसली. डेस्टिनी तर बाकाखाली गेली. दुसरी शिकस्त दप्तरी चढली, आणि तिसऱ्या हल्ल्यास नोव्हेंबरची पंधरा तारीख नेमून मिळाली. त्या दिवशी हरणांची शिकार खुली होते. त्या मुलुखी त्या दिवशी शाळा बंद, दुकाने बंद, मयतेसुद्धा लोक पुढे ढकलतात. परंतु फर्मान ते फर्मान.

मध्यंतरी फौजेचा तळ वृद्धाश्रमी पडला. ज्यांची पट्टी सर जाहली नव्हती त्यांनी म्हाताऱ्यांस पाणी द्यावे, भरवावे आणि चार शब्द बोलावे, इतकेच काम. श्रीमंत पाण्याचा तांब्या घेऊन एका खोलीत शिरले तो खाटेवर ऑर्विल लिंडक्विस्ट. हा दुधाचा टँकर हाकणारा, ज्याने बर्फात वादळात एक दिवस न चुकता कांगासांच्या दारचे दूध उचलिले. आता पायास जखम होऊन पडला होता. त्याने डोळे बारीक केले.

"अरे, कांगासांचा रेइनो ना तू? इथे कुठे? कोणाला भेटायला आलास?"

अंगावर डाळिंबी पोशाख, छातीवर नावाची चकती, हाती तांब्या. आणि श्रीमंत म्हणाले, "असाच. इकडून चाललो होतो."

ऑर्विल म्हणाला, "बरं केलंस." पुढे हवामान निघाले, आणि बर्फ यंदा बहुत पडणार यावर उभयतांचे एकमत जाहले. श्रीमंतांनी पाणी पाजिले आणि बाहेर आले. पलीकडल्या खाटेचा पडदा ओढलेला होता, त्याखाली वांडाबाईंचे पांढरे जोडे दिसत होते. त्या दिवशी श्रीमंत पिकअपमध्ये बसून राहिले, किल्ली न फिरविता. स्वतःची लाज वाटली. जन्मात कोणाशी खोटे बोलले नव्हते, ते एका आजारी माणसाशी बोलले, आणि तेही ऐसे खोटे की आंधळ्यासही कळावे.

पंधरा तारीख उजाडली. स्वारी निघाली तेव्हा रस्त्याच्या दोहो बाजूंस शिकाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि श्रीमंतांस प्रत्येक गाडीचा मालक ठाऊक होता. कॉलेजात पोचले तो दारात वांडाबाईंची गाडी, आणि तीत मागे एक मोठा शिंगवाला हरीण लोळविलेला. बाई पहाटेच आपली मोहीम उरकून आल्या होत्या. शिकारीचा नारिंगी कोट खुंटीस लावून त्या पडद्याआड जाऊन बसल्या. डेस्टिनीने शुभशकुन म्हणून दोन्ही अंगठे मुठीत धरिले. हरले तर खिडकी, हे श्रीमंतांनी एकवार मनाशी म्हटले आणि दार वाजविले.

हात धुतले, आणि धुतले म्हणून सांगितले. मग खाटेपाशी उभे राहिले आणि सवालाची वाट पाहू लागले. पडद्यातून आवाज आला, परंतु नेहमीचा नव्हे. खर्जातला, म्हाताऱ्याचा.

"अरे, कांगासांचा रेइनो ना तू? कोणाला भेटायला आलास?"

यासी म्हणतात छापा. श्रीमंतांचे कान तापले. मिस्टर हॅन्सन छताकडे पाहात होता. खोलीत कोणी हसले नाही. डेस्टिनीच्या मुठी उलगडल्या.

"नाही," श्रीमंत म्हणाले. "भेटायला नाही आलो. मी रेइनो कांगास. विद्यार्थी नर्स आहे मी. तुमच्या पायाची पट्टी बदलायला आलोय."

आणि मग पडद्यातून पुन्हा सवाल आला, "आणि गाई?"

हे कलम फर्मानात नव्हते.

"गाई विकल्या," श्रीमंत म्हणाले. आवाज फाटला. "मी आता पडदा ओढतो आहे."

मग खाटेभोवतीचा पडदा ओढिला, आणि खाट वर केली, आणि मोजे चढविले ते पहिल्या झटक्यात चढले, आणि जुनी पट्टी काढिली आणि नवी बांधिली आणि खाट खाली केली आणि घंटेचे बटण मिस्टर हॅन्सनच्या मुठीत दिले, आणि प्रत्येक गोष्ट सांगून केली. डोळ्यांतून पाणी वाहात होते, तेवढे मात्र पुकारिले नाही. वांडाबाई बाहेर आल्या. "पुसा ते डोळे, आणि मग हात पुन्हा धुवा," इतकेच बोलल्या आणि सही ठोकिली.

पुढल्या आठवड्यात श्रीमंत पट्टीचे तबक घेऊन ऑर्विलच्या खोलीत गेले, दार वाजविले, आणि तो काही विचारण्याआधीच धडाधड म्हणून टाकिले, "मी विद्यार्थी नर्स आहे. मागे खोटं बोललो."

"ठाऊक आहे," ऑर्विल म्हणाला. "असले कपडे घालून कोण भेटायला येतं? तुला सांगायला जमेना, म्हणून मीही हवामान काढलं." मग त्याने पाय पांघरुणाबाहेर काढिला. "तुझं दूध कधी नासकं निघालं नाही. बांध."

श्रीमंतांनी बांधिली. पुढे वर्ष लोटले, राज्याची परीक्षा जाहली, परवाना हाती आला, आणि चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी बाईसाहेबांनी श्रीमंतांच्या कोटास नर्स जाहल्याच्या खुणेची टाचणी टोचिली ती थोडी कातडीसही लागली. येणेप्रमाणे मलमपट्टीचा किल्ला तिसऱ्या हल्ल्यात हस्तगत जाहला. गारद: हातमोजे बहुत. फितूर: गुडघे उभय. सबब फत्ते जाहली ऐसे नोंदावे.

आता हा लेखक कोण, ते लपवून काय उपयोग? वर श्रीमंत म्हणून मिरविले तेच. इतके बोलणे तोंडाने या जन्मी झाले नसते, म्हणून लिहून काढिले. लॉरेलबाईसाहेबांस वाचून दाखविता त्या पुष्कळ हसल्या, आणि मग त्यांनी हुकूम केला की गोठ्याच्या दारातल्या त्या जुन्या सवालाचाही खुलासा याच कागदी करून द्यावा. सबब लिहितो. सवाल आपणास होता. गाईस नव्हता.