देवाला पत्ता सांगणारे शांतवनकाका

शांतवनकाका देवाला पत्ता सांगून प्रार्थना करतात. अगदी खाणाखुणांसकट. "प्रभू, आमची मार्था दवाखान्यात हाय. पुढच्या दारानं जाऊ नको, तिथला वॉचमन लई चौकशा करतो. मागच्या अंगाला जिना हाय. दुसरा मजला, खिडकीपाशी खाट."

आमच्या नगरच्या चर्चमध्ये पेटी मी वाजवते. प्रार्थना संपली की शेवटचं गीत, म्हणून माझी बोटं पट्ट्यांवर तयार असतात. पण काका उभे राहिले की मी हात सरळ मांडीवर घेते. आता घाई करून उपयोग नाही. घरी रविवारचं मटण शिजायचं असतं, पाळकसाहेब मिटल्या डोळ्यांनी खाकरत असतात, आणि काका आपले देवाला देवळाली प्रवऱ्याला घेऊन निघालेले असतात. "तिथं आमच्या विल्सनचं घर हाय. फॅक्टरीच्या रस्त्यानं नगं प्रभू, उसाच्या ट्रॉल्या अडकल्यात. कॅनॉलच्या कडंनं जा."

नागापूरच्या एमआयडीसीतून माल वाहण्यात, टेम्पोवर, त्यांची उभी हयात गेली. त्याचाच हा परिणाम. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, देवाला ठाऊक नसतं का हो सगळं?"

"ठाऊक हाय की. पण सांगायला काय जातंय? माल भलतीकडं उतरला म्हंजे?"

घ्या! 

एवढ्या नावांत एक नाव मात्र कधी यायचं नाही. सॅम्युएलचं. काकांचा एकुलता एक मुलगा. काकू गेल्यावर घरात बापलेक दोघंच. एका रविवारी पोरगा पिऊन उपासनेला आला आणि काकांनी चर्चच्या पायरीवर, सगळ्या मंडळीदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. सॅमी तसाच पायऱ्या उतरला. संध्याकाळी बॅग भरून गेला तो गेलाच. कुणी म्हणे सुरतेला आहे, कुणी म्हणे दुबईला. फोन बंद. त्याला आता बरीच वर्षं झाली.

"काका, सॅम्युएलसाठी का नाही मागत?" पाळकसाहेबांनी एकदा हळूच विचारलं होतं.

"पत्ता न्हाई, साहेब," काका म्हणाले. "देवाला कुठं धाडू?" आणि चपला शोधायला लागले. त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

तर अशा काकांना घेऊन आम्ही नेपाळला गेलो. मंडळीतर्फे दहा दिवसांचा सेवादौरा होता. डोंगरातल्या एका खेड्यात चर्चची छोटी शाळा होती, तिची पडलेली भिंत बांधून द्यायची होती. पाळकसाहेब धरून आम्हा आठ जणांत काका सगळ्यांत म्हातारे, आणि सामान सगळ्यांत जास्त त्यांचं. शेंगदाण्याची चटणी तर इतकी की सरहद्दीवर सोनौलीच्या नाक्यावर सामान तपासताना मला घाम फुटला.

तिथं उपासना शनिवारी असते, कारण सुट्टीच शनिवारी. मला वाटलं, काका कुरकुरणार. छे! "बरं हाय," म्हणाले. "रविवारी देवाला नगरला यायला सवड मिळती."

पहिल्याच शनिवारी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं. काकांनी सुरुवात कुठून करावी? नगरच्या स्टेशनावरून! देवाला गोरखपूरच्या गाडीत बसवलं, सोनौलीला सरहद्द ओलांडून दिली, पुढं बस, मग जीप, मग वळणावरचं चहाचं दुकान. आमचे खांदे हसण्यानं हलत होते. देव नगरलाच राहतो याबद्दल या माणसाला काडीची शंका नव्हती.

आमचा स्वयंपाक धनमाया नावाची बाई करायची. त्याच चर्चमधली, एकटी राहणारी. इंडियातून कुणीही आलं की तिचा एकच प्रश्न. मोडक्या हिंदीत तिनं आम्हालाही विचारलं, "मेरा बिरखे मिला था?" तिचा मुलगा हॉटेलात कामाला म्हणून इकडं भारतात आलेला, आणि पुढं खबर नाही. "कौन सा शहर?" मी विचारलं. "बड़ा शहर," ती म्हणाली. आमच्यातले एकदोघं हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. काका हसले नाहीत. "हॉटेलचं नाव काय? स्टेशन कंचं?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि ती मान हलवत राहिली. मग ते उठून दगड वाहायला गेले. त्या दिवसापासून त्यांचं तोंडच बंद झालं. मी म्हटलं, चढानं दमले असतील.

निघायच्या दिवशी भिंत उभी होती. शाळेच्या अंगणात निरोपाचं जेवण होतं. दोन्हीकडची मंडळी जमलेली, ताटं वाढलेली. तेवढ्यात धनमाया काकांपुढं येऊन हात जोडून उभी राहिली. "बिरखे के लिए," म्हणाली.

काका चांगलेच गडबडले. पाळकसाहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढून डोळे मिटले.

"प्रभू, हिचा बिरखे..."

आणि थांबले.  मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर टोपी हातात पिळत होते.

"पत्ता न्हाई प्रभू. हिच्याजवळ बी न्हाई, माझ्याजवळ बी न्हाई. आता तुझं तूच हुडीक. बिरखे कुठल्या हॉटेलात भांडी घाशीत असंल, त्याला म्हनाव, आई वाट बगती." मग घोगऱ्या आवाजात, "आन् आमचा सॅमी. त्यो बी असंल कुठंतरी. त्याला सांग, मी लोकांदेखत मारलं, ते चुकलं माझं. घरात बोललो असतो तरी चाललं असतं. आता लोकांदेखत मापी मागतो. मला पोरगा पायजे, प्रभू. दुसरं काय नगं."

आमेन त्यांना म्हणताच आलं नाही. पाळकसाहेबांनी म्हटलं, तेही जेमतेम. मला तर रडू आवरेना. तिथल्या लोकांना मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, तरी ताटाला कुणी हात लावला नव्हता.

धनमायेनं माझा हात धरला. "क्या बोला?"

"आपके बेटे के लिए बोले," मी म्हटलं. "और अपने बेटे के लिए. उसका भी पता नहीं है."

"उनका भी?"

ती काकांकडं बघत राहिली. मग आत गेली, त्यांच्या ताटातला गार झालेला भात बदलून गरम भात घेऊन आली आणि त्यांच्यासमोर मातीतच बसली. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. आमची मंडळी पिशव्या उचलायला लागली. काका मान खाली घालून एकेक घास खात होते, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत ती बाई समोरून उठली नाही.